मॉकमध्ये ७५ पडले, आता पुढे काय?

सीएसआयआर-नेटच्या तयारीत एक टप्पा जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येतो. सहा-आठ महिने नोट्स काढलेल्या असतात, मागच्या वर्षांचे पेपर चाळून झालेले असतात, टेस्ट सिरीज लावलेली असते. मग पहिली पूर्ण तीन तासांची मॉक होते आणि स्क्रीनवर आकडा येतो : २०० पैकी ७५. त्यानंतर बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. पुस्तक बदलतात, क्लास बदलतात, नाहीतर 'आधी सिलॅबस पूर्ण करू, मग मॉक देऊ' असं म्हणून मॉक देणंच थांबवतात. चौथी गोष्ट, म्हणजे ती उत्तरपत्रिका शांतपणे उघडून बघणं, फार थोडे जण करतात.

हा लेख त्या चौथ्या गोष्टीबद्दल आहे. सुट्टीत वाईला घरी आलं की एम.एस्सी. करणारी किंवा नुकतीच संपवलेली मंडळी भेटतात, आणि चहा येईपर्यंत विषय मॉकच्या स्कोअरवर येतोच. त्यामागे घरचं गणितही असतं. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, म्हणजे घरी पैसे न मागता पीएचडी. नाही मिळाली तर 'अजून एक वर्ष कशाला, बी.एड. कर' किंवा 'आता स्थळं बघूया' हे ऐकायची तयारी ठेवायची. त्यामुळे ७५ हा आकडा नुसता आकडा राहत नाही, तो आपल्याबद्दलचा निकाल वाटायला लागतो. तुम्हाला संशोधनात यायचं असेल तर आधी एवढं लक्षात घ्या : मॉकचा स्कोअर हे एक मोजमाप आहे. आणि कुठल्याही मोजमापाला विचारायचा पहिला प्रश्न असतो, यात एरर किती?

एका मॉकचा आकडा किती खरा?

लाइफ सायन्सेसचा पेपर घेऊ, कारण माझा विषय तोच आहे. पार्ट एमध्ये २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. पार्ट बीमध्ये ५० पैकी ३५, प्रत्येकी २ गुण. पार्ट सीमध्ये ७५ पैकी २५, प्रत्येकी ४ गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या २५ टक्के गुण वजा. एकूण २००.

आता अशी विद्यार्थिनी कल्पून बघा जिची तयारी अगदी स्थिर आहे. तिने निवडलेला कुठलाही प्रश्न बरोबर येण्याची शक्यता ६० टक्के. ती सगळे ७५ प्रश्न सोडवते. तिचे सरासरी गुण किती येतील? पार्ट ए आणि बीमध्ये प्रत्येक प्रश्नामागे सरासरी १ गुण, म्हणजे ५०. पार्ट सीमध्ये प्रत्येक प्रश्नामागे सरासरी २ गुण, म्हणजे आणखी ५०. एकूण १००.

पण हे झाले सरासरी गुण. प्रत्यक्षात एका मॉकमध्ये ते किती हलतील? दोन गुणांचा प्रश्न बरोबर आला किंवा चुकला यात अडीच गुणांचा फरक पडतो, चार गुणांच्या प्रश्नात पाच गुणांचा. त्यावरून प्रमाण विचलन काढलं तर ते बरोबर १५ येतं (करून बघा, द्विपद वितरणाचं साधं गणित आहे). म्हणजे अभ्यासात काडीचाही फरक न पडता तिला तीनपैकी साधारण दोन मॉकमध्ये ८५ ते ११५ च्या दरम्यान गुण मिळतील, आणि उरलेल्या एका वेळी त्याच्याही बाहेर. लागोपाठच्या दोन मॉकमधला फरक घेतला तर तो आणखी हलतो, प्रमाण विचलन सुमारे २१ होतं. म्हणजे 'मागच्या वेळी ११० होते, यावेळी ९० झाले, मी खाली चालले' हे वाक्य फक्त नशिबाच्या चढउतारावरही बोललं जाऊ शकतं.

खऱ्या आयुष्यात सगळे प्रश्न सारख्याच खात्रीचे नसतात. निम्म्या प्रश्नांत तुमची खात्री ९० टक्के आणि निम्म्यांत ३० टक्के असेल तर हे विचलन १२ च्या आसपास येतं. तरीही ते काही कमी नाही. शिवाय एक मॉक सोपी निघते, एक अवघड, त्याचा फरक वेगळाच.

वाईकरांना हे वेगळं सांगायला नको. जुलैत एका संध्याकाळी गणपती घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली आहेत, एवढ्यावरून यंदाचा पाऊस कुणी ठरवत नाही. त्या दिवशी धोम धरणातून पाणी सोडलं होतं का, वर किती पडला, हे आपण विचारतोच. मॉकच्या एका आकड्यालाही तेच प्रश्न विचारा.

वाईट आकडा दिसला की डोकं बंद का होतं?

आकडा डळमळीत असला तरी उत्तरपत्रिकेत खरी माहिती भरपूर असते. अडचण अशी की वाईट आकडा बघितल्यावर ती माहिती घ्यायची इच्छाच राहत नाही. यावर लॉरेन एस्क्रीस-विंकलर आणि आयलेट फिशबाख या शिकागो विद्यापीठातल्या दोघींचं २०१९ मधलं संशोधन वाचण्यासारखं आहे. त्यांनी लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न दिले. दोनच पर्याय म्हटल्यावर 'बरोबर' सांगितलं काय आणि 'चूक' सांगितलं काय, खरं उत्तर दोन्ही वेळा कळतंच. तरीही ज्यांना 'चूक' असं सांगितलं गेलं, त्यांना नंतरच्या चाचणीत कमी आठवलं. अपयश मनाला लागतं, आणि मन तिथून लक्ष काढून घेतं.

यातली कामाची गोष्ट पुढे आहे. तीच चूक दुसऱ्या कुणाची आहे असं बघायला मिळालं, तेव्हा लोक त्यातून व्यवस्थित शिकले. म्हणजे चुकीत माहिती कमी नसते, ती आपली असते एवढीच अडचण.

याचा सरळ उपाय : मॉकची उत्तरपत्रिका मित्राबरोबर बदलून घ्या. तुम्ही त्याची तपासा, तो तुमची. कुणी सोबत नसेल तर दोन दिवस थांबून स्वतःचीच उत्तरपत्रिका एखाद्या ज्युनिअरची आहे असं समजून बघा आणि त्याला काय सल्ला द्याल ते लिहा. ज्युनिअरला आपण 'तुझ्याच्याने होणार नाही' असं म्हणत नाही. 'पार्ट सीमध्ये तू घाई करतोयस' असं म्हणतो. तेवढंच पाहिजे.

चुका मोजायच्या कशा?

सोयीसाठी आकडे घेऊन एक उदाहरण करू. पार्ट ए : १५ पैकी ८ बरोबर, ७ चूक, गुण १२.५. पार्ट बी : ३५ पैकी २० बरोबर, १५ चूक, गुण ३२.५. पार्ट सी : २५ पैकी ११ बरोबर, १४ चूक, गुण ३०. बेरीज ७५. एकूण चुका ३६.

या ३६ चुका तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग : विषय येत होता, पण प्रश्न नीट वाचला नाही किंवा आकडेमोड चुकली. उदाहरणार्थ, एक अप्रभावी आनुवंशिक आजार २५०० पैकी एकाला होतो, तर वाहक किती? हार्डी-वाइनबर्गप्रमाणे अप्रभावी जनुकाची वारंवारिता ०.०२ येते, आणि पर्यायांत ०.०२ असतंच. घाईत तिथेच टिक होते. विचारलेले वाहक मात्र २ × ०.९८ × ०.०२, म्हणजे ०.०३९२, साधारण पंचवीसात एक. इथे पाठ्यपुस्तक पुन्हा वाचून काहीही होणार नाही. शेवटची ओळ दुसऱ्यांदा वाचायची सवय लावली तर होईल.

दुसरा ढीग : वाचलं होतं, पण ऐनवेळी अर्धवट आठवलं आणि दोन पर्यायांत अडकलात. स्पर्धात्मक इन्हिबिटरमुळे केएम वाढतो आणि व्हीमॅक्स तसाच राहतो, हे दहा वेळा वाचूनही परीक्षेत उलटं होतं, ते या ढिगात.

तिसरा ढीग : विषयच माहीत नव्हता.

समजा आपल्या उदाहरणात पहिल्या ढिगात १४ चुका निघाल्या (पार्ट सीमधल्या ६, बीमधल्या ४, एमधल्या ४), दुसऱ्यात १२ आणि तिसऱ्यात १०. पहिल्या ढिगातल्या फक्त निम्म्या दुरुस्त करा. पार्ट सीमधल्या ३ चुकांचे १५ गुण, बीमधल्या २ चुकांचे ५, एमधल्या २ चुकांचे ५. एकूण २५. नवीन एकही प्रकरण न वाचता ७५ चे १०० झाले. तुमचे आकडे वेगळे येतील. कदाचित तिसरा ढीगच मोठा निघेल, आणि मग खरंच सिलॅबसवर बसायला लागेल. पण ते ढीग केल्यावर कळतं. मॉक वाईट गेली म्हणून लगेच नवं पुस्तक आणणं म्हणजे तिन्ही ढिगांना एकच औषध देणं.

एक चौथी यादीही करा, ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पार्ट सीमध्ये तुम्ही ५० प्रश्न सोडता. मॉक झाल्यावर ते ५० निवांत बघा. त्यातले जे तुम्हाला सहज येत होते ते मोजा. हा आकडा मोठा असेल तर तुम्हाला ज्ञान कमी नाही, निवड चुकतेय. अशा वेळी पार्ट सीची सुरुवात सगळे ७५ प्रश्न भरभर चाळून, येणाऱ्यांवर खूण करून करायची आणि मगच सोडवायला घ्यायचे.

निगेटिव्ह मार्किंगची भीती किती बाळगायची?

मॉक पडली की पुढच्या वेळी लोक घाबरून कमी प्रश्न सोडवतात. इथे भावनेपेक्षा गणित बरं. चार पर्याय, बरोबरला ४, चुकीला उणे १. डोळे मिटून टिक केली तर सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी सुमारे ०.६७ गुण. दोन बाद करता आले तर दीड गुण. म्हणजे दोन पर्यायांवर आलेला प्रश्न सोडून देणं बहुतेक वेळा तोट्याचं असतं.

फक्त एक अट आहे, पर्याय खरंच खात्रीने बाद झालेले हवेत. पेपर काढणारे अर्धवट माहिती असणाऱ्यालाच ओढून घेतील असे पर्याय ठेवतात. म्हणून स्वतःचा हिशोब ठेवा : दोन पर्यायांत अडकल्यावर तुम्ही निवडलेलं उत्तर दहापैकी किती वेळा बरोबर निघतं? पाच किंवा जास्त असेल तर बिनधास्त टिक करा. दोन-तीनच असेल तर तुमचा 'बाद केलेला' पर्याय खरंतर बरोबर असतो, आणि दुरुस्ती तिथे हवी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीच्या सेट परीक्षेत तर निगेटिव्ह मार्किंगच नाही, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पुन्हा वाचायचं की पुन्हा आठवायचं?

दुसऱ्या ढिगासाठी, म्हणजे वाचलेलं न आठवण्यासाठी, बहुतेक जण तेच प्रकरण पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग इथे डोळे उघडतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र उलटं झालं : दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणजे पुन्हा वाचल्यावर 'आता आलं' असं जे वाटतं ते पाच मिनिटांपुरतं खरं असतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. चुकलेल्या प्रश्नाचा विषय एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा. तीन दिवसांनी परत लिहा, आठवड्याने परत.

आणखी एक दिलासा देणारी गोष्ट. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या चुका आपण पूर्ण खात्रीने करतो, त्या योग्य उत्तर कळल्यावर जास्त सहज दुरुस्त होतात, कारण 'अरेच्चा, हे असं आहे?' म्हणून लक्ष तिथे जातं. म्हणून मॉक देताना रफ कागदावर प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करत जा : खात्री, दोनांत एक, तुक्का. सेकंदाचं काम आहे. नंतर 'खात्री' असूनही चुकलेले प्रश्न सगळ्यात आधी काढा. तिथे सुधारणा लवकर दिसते, आणि मॉकनंतरच्या आठवड्यात तेवढी तरी दिसायला हवीच.

इंग्रजीतला प्रश्न, मराठीतली समज

तालुक्याच्या ठिकाणी शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत पहिल्या ढिगातल्या काही चुका विषयाच्या नसतात, भाषेच्या असतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो. 'खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं आहे' असा प्रश्न इंग्रजीत आला की त्यातला नकार डोळ्यांतून निसटतो. अशा चुकांपुढे वेगळी खूण करा. त्या तीन-चार निघाल्या तर इंग्रजीचा क्लास लावायची गरज नाही. रोज पाच प्रश्नांचं नुसतं 'काय विचारलंय' एवढंच मराठीत एका ओळीत लिहायचा सराव करा.

संकल्पना पक्की आहे का हे बघायलाही मराठी उपयोगी पडते. पाठ केलेली इंग्रजी व्याख्या आपण न समजताही म्हणू शकतो, मराठीत समजावून सांगताना ते जमत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आपल्या वाईतच आकाराला आलेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर मोफत वाचता येतो. पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे ताज्या संशोधनासाठी तो नाही. पण मूलभूत संकल्पना मराठीत कशी मांडायची हे त्यात छान दिसतं. नोंद वाचा आणि घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटांत समजावून सांगा. तुम्ही जिथे अडखळाल, तिथेच परीक्षेत अडकाल.

सुधारणा झाली हे कशावरून ठरवायचं?

फार वाईट मॉकनंतरची मॉक बहुतेक वेळा आपोआप थोडी बरी जाते. फार वाईट आकड्यात वाईट नशिबाचा वाटा असतो, आणि तो दर वेळी येत नाही. याला सांख्यिकीत सरासरीकडे परतणं म्हणतात. त्यामुळे मधल्या काळात घेतलेल्या नव्या नोट्सना किंवा क्लासला लगेच श्रेय देऊ नका. फार चांगल्या मॉकनंतरची घसरणही तशीच, तिचंही मनावर घेऊ नका.

निर्णय चार मॉकच्या सरासरीवर घ्या. चारांची सरासरी घेतली की आपलं १५ चं विचलन निम्म्यावर, साडेसातवर येतं. हा आकडा मात्र गंभीरपणे घ्यायचा. ढीग करून, चुकांवर काम करूनही चार मॉकची सरासरी तुमच्या विषयाच्या मागच्या काही कटऑफपेक्षा ३०-४० ने खाली असेल, तर या वेळच्या प्रयत्नात जेआरएफ कठीण आहे हे मान्य करायला हवं. 'तू करू शकतेस' असं म्हणून कुणाचं वर्ष घालवण्यात अर्थ नाही. पण पुढचे रस्तेही तेव्हाच शांतपणे बघता येतात. सेट झाली तर सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. २०२४ पासून नेटच्या निकालात फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र अशीही वर्गवारी आहे. त्यातही फेलोशिप नाही, पण प्रवेशाचं दार उघडतं. घरी बोलताना 'मला जमत नाहीये' असं सांगण्यापेक्षा 'चार मॉकची सरासरी एवढी आहे, दोन महिन्यांत एवढी वाढली, आणखी एवढा वेळ हवा' असं सांगितलं तर आई-वडिलांनाही काहीतरी हाताशी लागतं.

पुढचे सात दिवस

पहिल्या दिवशी फक्त खुणा आणि 'हा पर्याय का निवडला' हे एका ओळीत लिहून ठेवा, कारण ते उद्या आठवणार नाही. स्कोअर कुणाशी ताडून बघू नका, झोप पूर्ण घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग करा आणि सोडलेल्या सोप्या प्रश्नांची यादी करा. चौथ्या दिवसापासून सहाव्यापर्यंत 'खात्री असूनही चूक' आणि दुसऱ्या ढिगावर काम, पुस्तक मिटून, लिहून. सातव्या दिवशी फक्त चुकलेल्या ३६ प्रश्नांचीच पुन्हा टेस्ट. नवी पूर्ण मॉक त्यानंतर.

हा क्रम तारखेवर अवलंबून नाही, आणि ते बरंच आहे. २०२४ ची जूनची सीएसआयआर-नेट २५ ते २७ जूनला होती, २१ जूनला ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि शेवटी २५ ते २७ जुलैला झाली. तारीख आपल्या हातात नसते, चुकांची वही असते.

आणि आठवडाभरानंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सगळं निरर्थक वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. घरातल्या किंवा जवळच्या कुणाशी तरी बोला, किंवा १४४१६ या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा.

पीएचडीत आल्यावर याहून वाईट आकडे दर महिन्याला दिसतात. जेलवर बँड येत नाहीत, कंट्रोलमध्येच ग्रोथ दिसते, तीन महिन्यांचा डेटा उपयोगाचा नाही असं कळतं. तेव्हा करायचं हेच असतं : मोजमापात एरर किती, चूक कुठल्या ढिगातली, आणि पुन्हा करताना नेमकं काय बदलायचं. तुमच्यासमोरची ७५ गुणांची उत्तरपत्रिका हा तुमचा पहिला डेटा आहे. वही काढा आणि पार्ट सीपासून सुरुवात करा.